उघडी माती, सावली आणि पाणी : वाचकांचे प्रश्न

आपली वस्ती नवतपात, म्हणजे मेअखेरच्या अतिउष्ण नऊ दिवसांतही, राहण्याजोगी असावी, पावसाळ्यात ती पाण्याखाली जाऊ नये आणि तिच्यात माणसांखेरीज इतर जीवांनाही जागा असावी, यासाठी आपल्याला नेमकी कोणती अडचण येते, असे आम्ही मागील अंकात वाचकांना विचारले होते. नागपूरच्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही भागांतून पत्रे आली. पूर, ऊन, झाडे, साप, डास, विहिरी असे विषय वरवर वेगळे दिसत असले तरी बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. घराभोवतीची, रस्त्याकडेची आणि लेआउटच्या मैदानातली उघडी माती गेल्या काही वर्षांत झपाट्याने झाकली गेली आहे. त्यामुळे पुढील उत्तरांत या मातीचा उल्लेख वारंवार येईल. सारख्या आशयाच्या पत्रांपैकी एक निवडून ते संक्षेपाने दिले आहे.

प्रश्न : अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला आमचे घर आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे घरात पाणी शिरले आणि तळमजल्यावरचे सगळे सामान गेले. त्यानंतर आम्ही अंगण दीड फूट उंच करून संपूर्ण काँक्रीट केले आणि कुंपणाची भिंत वाढवली. आता शेजारी म्हणतात की आमच्या अंगणातले पाणी त्यांच्याकडे जाते. आम्ही चुकलो का? (एक वाचक, अंबाझरी परिसर)

उत्तर : ज्या घराने ती पहाट पाहिली, त्या घराने भिंत उंच केली म्हणून कोणी दोष देऊ नये. तरीही शेजाऱ्यांचे म्हणणे खरे आहे, आणि ते का खरे आहे हे समजून घेतल्याशिवाय पुढचा मार्ग सापडणार नाही.

त्या रात्री शहरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. लाव्ह्याच्या टेकड्यांकडून येणारे पाणी अंबाझरीत साठते आणि सांडव्यावरून नाग नदीत उतरते. नदी पुढे शहराच्या मध्यातून पूर्वेकडे जाऊन कन्हानला मिळते. ही उतरण शहर वसण्याच्या कितीतरी आधीची आहे. पाऊस जोराचा झाला की पाणी आपल्या जुन्या वाटेनेच जाते, मग त्या वाटेवर रस्ता असो, भिंत असो की कोणाचा दिवाणखाना.

येथे पाणी दोन प्रकारचे आहे, हे ध्यानात घ्यावे. एक तलाव व नदीचे पाणी आणि दुसरे आपल्याच वस्तीवर पडलेल्या पावसाचे पाणी. पहिल्यासाठी एकट्या घराने करण्याजोगे फारच थोडे आहे. सांडव्याखालचा मार्ग मोकळा राहणे, नदीपात्रात भराव न पडणे आणि पूल व मोऱ्या पुरेशा रुंद असणे ही सार्वजनिक कामे आहेत. ती नागरिकांनी मिळून मागायची असतात. आपले घर निळ्या पूररेषेच्या आत येते की लाल, हे नकाशावर पाहून घ्यावे. आपल्या राज्यात निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. घर या रेषांच्या आत असेल, तर विजेचे मीटर, स्विचबोर्ड, महत्त्वाची कागदपत्रे आणि घरातील वृद्धांची झोपण्याची खोली वरच्या मजल्यावर नेणे, हा उंच भिंतीपेक्षा अधिक भरवशाचा उपाय आहे. पाणी चढत असताना भिंत माणसांना आतच अडकवू शकते, हेही विसरू नये.

दुसऱ्या पाण्याबाबत मात्र प्रत्येक घराच्या हातात पुष्कळ आहे. आपला प्लॉट ३०० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे ३२०० चौरस फुटांचा आहे असे धरू. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ३०,००० लिटर पाणी पडले. प्लॉटवर घर आणि काँक्रीट यांखेरीज काहीच नसेल, तर यांतले जवळजवळ सगळे पाणी काही मिनिटांत रस्त्यावर येते. त्याच प्लॉटवर १०० चौरस मीटर माती उघडी असेल आणि ती भोवतालच्या जमिनीपेक्षा १५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अर्धा फूट, खोल ठेवलेली असेल, तर तेवढ्या खोलगटात १५,००० लिटर पाणी थांबते. अर्धा पाऊस अंगणातच राहिला आणि तोही खर्च न करता. एका घराने हे केल्याने पूर टळत नाही. परंतु दोनशे घरांच्या लेआउटमध्ये शंभर घरांनी केले, तर नालीवर एकाच वेळी येणारा पंधरा लाख लिटरचा भार कमी होतो.

अंगण उंच केल्याने जे झाले ते याच्या नेमके उलट आहे. शहरातले सिमेंटचे रस्ते अनेक ठिकाणी घरांच्या जोत्यापेक्षा उंच झाले आहेत, म्हणून घरमालक अंगण उंच करतात, मग शेजारी आपले अंगण त्याहून उंच करतात, आणि ज्याच्याकडे भराव टाकण्यास पैसे नाहीत त्याच्या घरात सगळ्यांचे पाणी जमा होते. ही चढाओढ कोणी तरी थांबवायला हवी. संपूर्ण काँक्रीट उखडणे शक्य नसेल, तर कुंपणाच्या आतल्या बाजूने तीन-चार फूट रुंदीचा पट्टा तोडून घ्यावा, तो खोलगट करावा, छपराचे पाणी पन्हाळीतून त्यात सोडावे आणि जास्तीचे पाणी शेजाऱ्याकडे न जाता थेट नालीत जाईल अशी वाट ठेवावी. त्या पट्ट्यात वाळा, कर्दळ, गवती चहा यांसारखी दोन दिवस पाय पाण्यात राहिले तरी तग धरणारी रोपे लावावीत. पट्टा घराच्या पायापासून दूर असावा. काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने आक्रसते, आणि पायालगत तिला वारंवार भिजवल्यास भिंतींना भेगा पडतात.

नदीच्या भिंतींविषयीही काही पत्रांत विचारणा आहे. नाग नदीला दोन्ही बाजूंनी भिंती घालून तिला नालीचे रूप देणे हा पुरावरचा एकमेव उपाय नाही. सिंगापूरमध्ये कल्लांग नदीचा काँक्रीटचा सरळ कालवा तोडून तिला बिशान उद्यानातून वळणे घेत वाहू देण्यात आले, आणि ते काम २०१२ मध्ये पूर्ण झाले. एरवी तेथे माणसे काठावर बसतात, पाणपक्षी येतात. पाऊस वाढला की तेच उद्यान पुराचे पाणी पोटात घेते. आपल्याकडे काठाशी इतकी मोकळी जागा सर्वत्र उरलेली नाही हे खरे, पण जेथे ती अजून आहे, तेथे तरी भिंतीचा प्रस्ताव येण्यापूर्वी हा विचार व्हावा, असे आम्हांला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या गल्लीत दुतर्फा कडुनिंबाची जुनी झाडे आहेत. रस्त्याच्या कामात बुंध्यापर्यंत गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) बसवले गेले. गेल्या दोन पावसाळ्यांत दोन झाडे मुळासकट पडली. बाकीची पडण्याआधी कापून टाकावीत, असे काही रहिवासी म्हणतात. (एक वाचिका, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : झाडे कापण्याआधी गट्टू काढून पाहावेत. निंबाचे झाड सहजी पडत नाही. ते पडते तेव्हा बहुधा रस्ता, नाली किंवा केबलसाठी खणताना त्याची एका बाजूची मुळे तोडलेली असतात, किंवा बुंध्याभोवतीची जमीन इतकी दाबली गेलेली असते की मुळे खाली न जाता गट्टूंच्या लगेच खाली, दमट थरात, आडवी पसरतात. अशा मुळांना झाडाचा तोल धरता येत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील एका प्रकरणात झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, तो याच कारणाने. एक मीटर ही किमान मर्यादा समजावी. मोठ्या झाडाला त्याहून जास्त जागा मिळाली तर चांगलेच.

काम कसे करावे ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण घाईत केलेल्या या कामात झाडाचे नुकसान होते. पहिला गट्टू सब्बलीने उचकटावा, पुढचे हाताने निघतात. त्याखाली दोन ते चार इंच चुरीचा थर लागतो आणि त्याखाली बहुधा मुरूम व बांधकामाचा मलबा लागतो. चुरी खराट्याने व फावड्याने काढून घ्यावी. यंत्र लावू नये. मलबा काढताना बोटाएवढे किंवा त्याहून जाड मूळ दिसले की तेथे कुदळ थांबवावी आणि हाताने माती मोकळी करावी. मुळाची साल सोलली गेली असेल तर त्यावर सिमेंट, रंग वा डांबर लावू नये. ओलसर माती व पाचोळा घालून ते झाकावे. नंतर खड्ड्यात शेणखत मिसळलेली माती भरावी. तिची पातळी रस्त्यापेक्षा चार बोटे खाली राहील असे पाहावे, म्हणजे रस्त्यावरचे पाणी झाडाकडे येईल. माती बुंध्यावर चढवू नये. ज्या जागी मुळांतून खोड वर येते ती जागा उघडी राहिली पाहिजे, नाहीतर साल कुजते. वर पाचोळ्याचा थर द्यावा. दोन पावसाळ्यांनंतर त्या मातीत गांडुळांची विष्ठा दिसू लागली, म्हणजे ती पुन्हा सजीव झाली असे समजावे.

उरलेली झाडे धोकादायक आहेत का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. बुंध्याशी भूछत्रे येणे, एका बाजूची जमीन उचलली जाणे, खोडावर ठोकले असता पोकळ आवाज येणे ही चिन्हे आहेत. झुकलेले प्रत्येक झाड पडणारे नसते. अनेक झाडे लहानपणापासून प्रकाशाकडे झुकून वाढतात आणि वर्षानुवर्षे तशीच उभी राहतात.

प्रश्न : आमच्या लेआउटच्या दहा टक्के मोकळ्या जागेवर मियावाकी पद्धतीने घनदाट जंगल लावावे, असा प्रस्ताव आहे. काही जणांना तेथे वॉकिंग ट्रॅक व लॉन हवे आहे. आपले मत काय? (लेआउटच्या नागरिक समितीचे एक सदस्य, बेसा)

उत्तर : जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे लावतात. रोपे प्रकाशासाठी एकमेकांशी स्पर्धा करीत भराभर उंच होतात. कारखान्याच्या कुंपणालगत किंवा हमरस्त्याच्या कडेला, जेथे धूळ व आवाज अडवायचा आहे, तेथे अशा दाट पट्ट्याचा उपयोग होतो. परंतु वस्तीतल्या एकमेव मैदानावर ती लावण्याच्या आम्ही विरोधात आहोत.

विदर्भाचे मूळ जंगल शुष्क पानझडीचे आहे. साग, ऐन, मोह, तेंदू, पळस, सालई ही झाडे एकमेकांपासून अंतर राखून वाढतात, उन्हाळ्यात बरीचशी पाने गाळतात आणि त्यांच्यामधल्या जागेत ऊन पोहोचून गवत उगवते. त्या गवतावर नाकतोडे, फुलपाखरे, मुनिया, चिमण्या आणि टिटवी जगतात. दाटीने लावलेल्या पट्ट्यात खाली अंधार राहतो, गवत नाहीसे होते आणि मुलांना खेळायला जागाही उरत नाही. लॉनही आम्ही सुचवणार नाही. पेंच धरणातून आणलेले शुद्ध पाणी मे महिन्यात लॉनवर ओतणे परवडणारे नाही आणि योग्यही नाही.

मैदानाचा मधला भाग मोकळाच ठेवावा, त्याला किंचित खोलगट आकार द्यावा आणि त्यात स्थानिक गवत येऊ द्यावे. पावसाळ्यात दोनदा पाणी साचेल, एक-दोन दिवसांत ते मुरेल. एरवी मुले तेथे क्रिकेट खेळतील. सावलीची झाडे कडेने लावावीत. पश्चिम व नैर्ऋत्य बाजूला कडुनिंब, करंज, शिरीष यांसारखी दाट सावली देणारी झाडे हवीत, कारण दुपारनंतरचे ऊन तिकडून येते. कोपऱ्यात एक वड किंवा उंबर लावावा, मात्र तो कोणाच्या भिंतीपासून निदान पंचवीस-तीस फूट दूर असावा. बहावा, पळस, काटेसावर, पांगारा ही झाडे ऐन उन्हाळ्यात वा त्याच्या तोंडावर फुलतात आणि त्या काळात मधमाश्या व शिंजीर पाखरांना दुसरीकडे फारसे खाद्य नसते. जांभूळ, कवठ, बेल, आवळा, बोर ही झाडे लावली की पाखरांबरोबर वस्तीतली मुलेही झाडाखाली जमतात, आणि ज्या झाडाशी मुलांचे नाते जडते ते झाड सहसा कोणी तोडू देत नाही.

झटपट हिरवळीसाठी कोनोकार्पस लावण्याचा मोह होतो. त्याच्या मुळांनी नळ व गडर लाइन (सांडपाण्याची वाहिनी) फुटण्याच्या आणि परागकणांनी श्वासाचा त्रास होण्याच्या तक्रारींनंतर गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. येथील पाखरांना व कीटकांना त्या झाडाचा फारसा उपयोग नाही.

एक गोष्ट समितीने कागदोपत्री करून घ्यावी. राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडणे बंधनकारक आहे. आपल्याकडील गुंठेवारीच्या कित्येक लेआउटमध्ये ही जागा नकाशावर असते आणि प्रत्यक्षात तेथे समाजभवन, मंदिर किंवा पार्किंग उभे राहिलेले असते. मंजूर नकाशाची प्रत मिळवून जागेची मोजणी करून घ्यावी, सीमेवर दगड रोवावेत आणि मगच रोपे आणावीत.

प्रश्न : टिनाच्या छपराचे आमचे दोन खोल्यांचे घर आहे. मे महिन्यात रात्रीही आत झोपवत नाही. कूलर आहे, पण पाणी एक दिवसाआड येते. झाड लावायला जागा नाही. (एक वाचिका, पूर्व नागपूर)

उत्तर : २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. हा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. त्या दिवशी टिनाचा पत्रा त्याहून कितीतरी तापलेला असतो. सर्वप्रथम पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचे छत करावे आणि त्या पोकळीतली गरम हवा बाहेर जाईल अशी दोन्ही टोकांना जागा ठेवावी. ही पोकळी बंद केली तर उपयोग निम्मा होतो. पत्र्यावर ऊन परावर्तित करणारा पांढरा रंग द्यावा. स्लॅबच्या घरांनी चुन्याचे दोन हात दिले तरी चालते. पत्र्यावर साधा चुना टिकत नाही. पश्चिमेच्या भिंतीसमोर हात-दीड हात अंतरावर मांडव घालून दोडक्याचा किंवा भोपळ्याचा वेल चढवावा. त्याला पोतेभर माती पुरते आणि भांडी विसळलेले, साबण नसलेले पाणी चालते. वेल वाढेपर्यंत मांडवावर हिरवी जाळी टाकावी. कूलर नागपूरच्या कोरड्या हवेत चांगला चालतो, पण खिडकी वा दार उघडे ठेवून ओली हवा बाहेर जाऊ दिली तरच.

रात्रीच्या उकाड्याचे कारण मात्र बहुतांशी घराबाहेर आहे. दिवसभर तापलेले काँक्रीट, डांबर व भिंती सूर्यास्तानंतर ती उष्णता सोडू लागतात, आणि जेथे माती व झाडे नाहीत तेथे पहाटेपर्यंत गारवा येत नाही. दिवसा उन्हात राबलेल्या शरीराला रात्री विश्रांती मिळाली नाही, की उष्माघाताचा धोका वाढतो. म्हणून दाट वस्तीतल्या एखाद्या चौकात, अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या आवारात दोन-चार मोठी झाडे, पाणपोई आणि रात्री उघडे राहणारे अंगण असणे ही चैन मानू नये. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला आणि त्यानंतर नागपूरसह अनेक शहरांनी तसे आराखडे स्वीकारले. आपल्या प्रभागात त्या आराखड्याखाली काय होणार आहे, हे नगरसेवकांना मार्चच्या आधी विचारावे. मेमध्ये विचारून उपयोग नसतो.

प्रश्न : आपण गवत वाढू द्या, पाणी थांबू द्या असे लिहिता. आमच्याकडे गवत वाढले की साप निघतात आणि पाणी थांबले की डेंग्यू होतो. लहान मुलांच्या घरी हे कसे चालावे? (एक वाचक, हुडकेश्वर)

उत्तर : ही भीती रास्त आहे आणि तिचे समाधान केल्याशिवाय वस्तीतल्या निसर्गाची बाजू कोणालाही पटणार नाही.

साप गवत शोधत येत नाही. तो उंदीर, बेडूक आणि लपण्याची जागा शोधत येतो. विटांचे ढीग, फुटक्या फरश्या, भंगार, उघडा कचरा आणि रिकाम्या प्लॉटवर टाकलेला मलबा हे गवतापेक्षा अधिक धोक्याचे आहेत. घराभोवती सहा-सात फुटांचा पट्टा स्वच्छ व गवत कापलेला ठेवावा, पायवाट आखून घ्यावी, तिच्यावर दिवा असावा, आणि उंच गवत त्यापलीकडे राहू द्यावे. वस्तीत दिसणारे बहुतेक साप धामण किंवा धोंड्या यांसारखे बिनविषारी असतात. नाग, मण्यार व घोणस मात्र आपल्या भागात आहेत. दंश झाल्यास मंत्र, जडीबुटी, चिरा देणे, घट्ट आवळून बांधणे यांत वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे, कारण उपाय तेथल्या प्रतिविषातच आहे. साप दिसल्यास अंतर ठेवून सर्पमित्राला बोलवावे.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास खोलगट अंगणात वाढत नाही. त्याला भांड्यातले थांबलेले, स्वच्छ पाणी लागते. उन्हाळ्यानंतर कोपऱ्यात ठेवून दिलेला कूलर, गच्चीवरचे टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि झाकण नसलेली टाकी ही त्याची घरे आहेत. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा ही भांडी रिकामी करून, कडा घासून कोरडी करावीत. अंडी कडांना चिकटून राहतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. पावसाचे पाणी मुरवण्यासाठी केलेला खोलगट मात्र दोन दिवसांत रिकामा झालाच पाहिजे. तो होत नसेल तर काळ्या मातीचा थर खणून खाली मुरूम लागेपर्यंत जावे आणि तेथे गिट्टी व वाळू भरावी. कायमचे पाणी असलेल्या तलावात चतुर व टाचणी या कीटकांची पिल्ले आणि मासे डासांच्या अळ्या खातात. सांडपाणी शिरून ते जीव मेले की डास माजतात.

प्रश्न : आमच्या जुन्या बंगल्याच्या जागी सात मजली इमारत होणार आहे. आवारात वडाचे मोठे झाड आहे. दर उन्हाळ्यात त्याच्यावर राखी धनेश येतात. बिल्डर म्हणतात की झाड कापून त्याबदल्यात पन्नास झाडे लावू. (एक वाचिका, रामदासपेठ)

उत्तर : करारावर सही करण्यापूर्वी आपण हे पत्र लिहिले, ही समाधानाची गोष्ट आहे, कारण सही झाल्यावर मालकाचा शब्द फारसा चालत नाही.

झाडांच्या संरक्षणासाठी राज्यात १९७५ चा कायदा आहे आणि २०२१ मध्ये त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. झाड तोडायचेच झाले तर त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट आली. म्हणजे ‘पन्नास झाडे’ ही बिल्डरची उदारता नाही. आपला वड ऐंशी वर्षांचा असेल तर ती संख्या कायद्यालाही पुरत नाही. तोडण्याच्या अर्जावर जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात, तेव्हा शेजाऱ्यांनीही लेखी हरकत नोंदवावी.

परंतु संख्येच्या हिशेबात झाडाचे मोल येतच नाही. राखी धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत बसते, ढोलीचे तोंड विष्ठा व मातीने लिंपून घेते आणि जेमतेम चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. अंडी उबवून पिल्ले वाढेपर्यंत नर तिला त्या फटीतून वडा-पिंपळाची, उंबराची फळे भरवतो. अशी ढोली तयार होण्यास झाडाला अनेक दशके लागतात. पन्नास रोपांपैकी एकातही आपल्या नातवंडांच्या काळापर्यंत धनेश घर करू शकणार नाही. हा विणीचा काळ ऐन उन्हाळ्यात येतो, आणि वीजतारांसाठी होणारी पावसाळ्यापूर्वीची छाटणीही त्याच दिवसांत होते. त्यामुळे ढोली असलेल्या झाडांची छाटणी हिवाळ्यात उरकून घेण्याची विनंती संबंधित कार्यालयाला आधीच लेखी करावी.

वास्तुविशारदाला पहिल्याच बैठकीत सांगावे की वड नकाशावर आधी काढायचा आणि इमारत नंतर. झाडाच्या फांद्यांचा जेवढा घेर, निदान तेवढ्या जागेखाली तळघर वा पार्किंग नको. बांधकाम चालू असताना त्या घेरावर पत्र्याचे कुंपण घालावे. सिमेंट कालवणे, सळया रचणे, रसायनांचे डबे धुणे त्याच्या आत होऊ देऊ नये. या अटी विकास करारनाम्यात, भंगाच्या दंडासह, लिहून घ्याव्यात.

प्रश्न : झाडांचा पाचोळा आम्ही सकाळी जाळतो. नाहीतर काय करावे? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : कृपया जाळू नये. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये दंड ठरवून दिला आहे, आणि धूर पहिल्यांदा आपल्याच घरातल्या मुलांच्या व म्हाताऱ्यांच्या छातीत जातो. मैदानाच्या कोपऱ्यात जाळीचा पिंजरा करून त्यात पाचोळा भरावा, अधूनमधून शेणाचे पाणी शिंपडावे. पुढच्या पावसाळ्यात खत तयार होते. बाकीचा पाचोळा झाडांच्या बुंध्यापासून वीतभर दूर, आळ्यांत पसरावा. उन्हाळ्यात ओल टिकवण्यासाठी त्याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

प्रश्न : महालात आमच्या वाड्यात जुनी विहीर आहे. नळ आल्यापासून तिचा वापर बंद झाला आणि आता तिच्यात निर्माल्य व कचरा पडतो. ती बुजवून वर खोली काढावी, असा घरात विचार चालू आहे. (एक वाचक, महाल)

उत्तर : बुजवू नये. नागपूर दोन प्रकारच्या खडकांवर वसले आहे. पश्चिमेकडे बेसॉल्टचा काळा पाषाण आहे आणि पूर्वेकडे त्याहून पुष्कळ जुना, रूपांतरित खडक. दोन्हींत पाणी धरून ठेवणारी जागा बहुतांशी वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत असते, आणि जुन्या विहिरी नेमक्या त्याच थरापर्यंत खणलेल्या आहेत. खोल बोअरवेल हा थर ओलांडून जाते. त्यामुळे वरच्या थरात पाणी परत भरायचे असेल, तर जुन्या विहिरीइतकी तयार वाट दुसरी मिळत नाही.

आधी मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली असताना, गाळ काढून घ्यावा. विहिरीत उतरण्यापूर्वी हवा तपासलीच पाहिजे; बंद विहिरीत विषारी वायू साचून माणसे गेल्याच्या घटना घडतात, म्हणून हे काम अनुभवी माणसांकडून, कमरेला दोर बांधून व वर माणसे उभी करून करवावे. विहिरीवर लोखंडी जाळी बसवावी. मग वाड्याच्या छपराचे पाणी पन्हाळीतून एका टाकीत आणावे, टाकीत खाली मोठी गिट्टी, तिच्यावर बारीक गिट्टी आणि सर्वांत वर वाळू असे थर द्यावेत, आणि गाळलेले पाणी विहिरीत सोडावे. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर जाऊ द्यावे, कारण त्यात वर्षभराची धूळ व पाखरांची विष्ठा असते. रस्त्याचे किंवा अंगणाचे पाणी विहिरीत कधीही सोडू नये. शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला एक हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लाख लिटर पाणी पडते. गळती व बाष्पीभवन वजा जाता त्यातले ऐंशी हजार लिटर तरी विहिरीपर्यंत पोहोचावे.

हे पाणी तपासणी केल्याशिवाय पिऊ नये. महालात गडर लाइन जुन्या आहेत आणि त्यांचा पाझर विहिरीत येण्याची शक्यता असते, म्हणून पावसाळ्याच्या आधी व नंतर अशी दोनदा तपासणी करून घ्यावी. कूलर, धुणे, अंगणातली झाडे आणि शौचालय यांसाठी मात्र ते वापरता येते. नागपूरला पेंच व कन्हानचे पाणी दुरून, वीज खर्चून आणावे लागते. कूलरच्या दिवसांत शहराची गरज सर्वाधिक असते आणि नेमके तेव्हाच धरणातले पाणी उतरलेले असते. शेजारच्या वाड्यांतही अशा विहिरी असतील. त्यांच्या मालकांना एकत्र बोलावून गाळ काढण्याचे काम एकाच कंत्राटदाराला दिले, तर खर्च कमी येईल आणि पुढच्या उन्हाळ्यात कोणत्या विहिरीचे पाणी किती हात वर राहिले, हे सगळ्यांना मिळून मोजता येईल.